गंजून जाम झालेला सायलेन्सर घरच्या पोर्चमध्ये काढणं: इंदिरानगरमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी २००९ ची छोटी पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून सीएनजी किट बसवलेलं. मालक बँकेतून रिटायर झालेत, नाशिकला इंदिरानगरच्या एका रो हाऊसमध्ये राहतात, मी त्यांच्या शेजारी, म्हणून इथेही त्यांना काकाच म्हणतो, बाकी नाव-नंबर काही देत नाही. काम मुख्यतः केलं त्यांच्या भाच्याने, तो अंबडला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, फिटरचा आयटीआय झालेला, हात चांगला आहे पोराचा. माझं काम म्हणजे हत्यारं देणं, टॉर्च धरणं आणि मधूनमधून "थांब जरा" म्हणणं.

गाडीचा नंबर एमएच-०८, हे महत्त्वाचंय. म्हणजे काकांनी सेकंडहँड घ्यायच्या आधी ती बरीच वर्षं रत्नागिरीकडे खाऱ्या हवेत फिरलेली. काकांचं म्हणणं असं की आता नाशिकला आणल्यावर गंजायचं काही कारणच नाही, इथली हवा कोरडी. अर्धं बरोबर आहे ते. तळाचा बाहेरून धरलेला गंज कोकणातला, पण सायलेन्सर बाहेरून सडतो त्याहून जास्त आतून सडतो आणि ते नाशिकलाच चालू होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जातं. सीएनजीवर तेवढंच अंतर गेलात तर पाणी आणखी जास्त, कारण त्या गॅसमध्ये कार्बनच्या मानाने हायड्रोजन जास्त असतो. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापतो आणि ते सगळं उडून जातं, पण काकांची गाडी म्हणजे घर ते भाजी, घर ते मुंबई नाका, फार तर कॉलेज रोड. इंजिन नीट तापायच्या आधीच गाडी परत पोर्चमध्ये. मागचा डबा, म्हणजे सायलेन्सरचा आवाज दाबणारा फुगीर भाग, पूर्ण गरम होतच नाही, पाणी आत साचतं, त्यात धुरातल्या गंधकामुळे ते थोडं आंबट झालेलं, आणि पत्रा आतून खात बसतं. बाहेरून बघितलं तर काळा रंग शाबूत, आणि बोटाने दाबलं की बोट आत.

अडचण

सुरुवात आवाजाने झाली. सिंहस्थाच्या तयारीमुळे शहरात जिथे बघावं तिथे खोदकाम, अशाच एका ठिकाणी गाडीचा तळ आपटला आणि मागच्या डब्याची शिवण उघडली. गाडी बुलेटसारखी वाजायला लागली. काकांना त्याचं फार काही नव्हतं, पण काकू मागच्या सीटवर बसल्या की काच थोडी उघडी असली तरी धुराचा वास येतो म्हणायला लागल्या, दोनदा डोकं दुखलं. तिथे मी काकांना स्पष्ट सांगितलं की गाडी वापरायची बंद करा. धुराचा वास येतो तो तरी कळतो, त्याच्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. डिकीच्या रबरातून, तळातल्या जुन्या भोकांतून तो आत येऊ शकतो आणि चालत्या गाडीच्या मागे हवेची पोकळी होते ती धूर डिकीकडे ओढते. वर पीयूसीची तारीखही जवळ आलेली. पीयूसीवाला पाइपाच्या तोंडात प्रोब घालून मोजतो, मध्येच भोक असेल तर बाहेरची हवा मिसळते आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही.

काकांनी द्वारकेकडच्या एका दुकानातून नवीन मागचा डबा आणलासुद्धा, लोकल बनावटीचा, कंपनीच्या निम्म्यापेक्षा कमी किमतीत. इथपर्यंत सरळ होतं. अडलं ते जुना काढताना.

या गाडीला सायलेन्सरचे तीन भाग आहेत. इंजिनपासून पुढचा पाइप, त्यातच धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर. मग मधला पाइप, तो स्प्रिंगच्या दोन बोल्टनी पुढच्याला जोडलेला. आणि मग मागचा डबा, तो मागच्या अ‍ॅक्सलच्या जवळ दोन बोल्टच्या फ्लँजने (पाइपाच्या टोकाची भोकांची चपटी कड) मधल्या पाइपला जोडलेला, बाकी सगळं रबरांवर लटकलेलं. मागच्या फ्लँजचे नट मधल्या पाइपाच्या बाजूला वेल्ड केलेले आणि बोल्ट मागून आत जाणारे. म्हणजे आपल्याला जो पाइप ठेवायचाय त्याच्याच अंगावर नट, हे पुढे फार कामाला आलं आणि तितकंच नडलंही.

दोन बोल्टपैकी एकाचं डोकं आधीच गोल झालेलं होतं. जवळच्याच एका गॅरेजमधल्या पोराने काकांसमोर बाराकोनी रिंग पाना लावून जोर केला होता, पाना सटकला, आणि मग तो म्हणाला "काका, हे गॅसने कापावं लागेल". गंजलेल्या बोल्टला बाराकोनी पाना लावायचाच नसतो. मूळ डोकं १४ मिमीचं, गंज झडून राहिलेलं त्याहून बारीक, बाराकोनी पाना फक्त कोपरे धरतो आणि ते कोपरेच गेलेले असतात. छकोनी सॉकेट सपाट बाजूंवर बसतो. हा एवढाच फरक, पण बोल्ट निघेल की नाही ते बरेचदा त्याच्यावर ठरतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा, पाथर्डी फाट्याकडच्या एका गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवायची आणि गॅस कटरने बोल्ट लाल करून काढायचे. मेकॅनिक समजूतदार होता, त्याने आधीच सांगितलं की डिकीत सीएनजीचा सिलिंडर आहे, तो उतरवल्याशिवाय मी खाली ज्योत धरणार नाही. बरोबरच आहे त्याचं. सीएनजी साधारण २०० बार दाबाने भरतात, आणि त्याची स्टीलची नळी तळाखालूनच इंजिनपर्यंत जाते, काही ठिकाणी सायलेन्सरपासून हातभर अंतरावर. पण सिलिंडर उतरवणं, परत बसवणं, लीकेज तपासणं याची मजुरी धरली तर डब्याच्या किमतीपेक्षा जास्त होत होतं.

दुसरा पर्याय काकांचा लाडका, आहे त्याच डब्याला पत्रा मारून वेल्डिंग. "नवीन परत करतो दुकानात, याला ठिगळ लावून घेऊ." भाचा म्हणाला, "मामा, वेल्डिंग धरायला खाली पत्रा तर पाहिजे ना, हा नुसता पापड झालाय." त्याने स्क्रूड्रायव्हरने टोचून दाखवलं, आरपार. विषय संपला. सायलेन्सरची पेस्ट, पट्टी वगैरे बाजारात मिळते, ती दोन-चार दिवस काढायला ठीक, पण उघडलेल्या शिवणीवर ती पहिल्याच खड्ड्यात सुटते.

तिसरा, घरी ब्लो टॉर्च. भाच्याचा हात शिवशिवत होता कारण कंपनीत तो रोज हेच करतो, नट गरम करायचा, नट फुगतो, गंजाची पकड सुटते, बोल्ट निघतो. तत्त्व पक्कं आहे. पण घरच्या पोर्चमध्ये, वर सीएनजी सिलिंडर, बाजूला पेट्रोलची प्लास्टिक टाकी, बोल्टवर मारलेला स्प्रे स्वतःच पेटणारा, आणि तळाला डांबरी कोटिंग. मी ठाम नाही म्हटलं. ग्राइंडरलाही नाही, त्याच्या ठिणग्या दोन-तीन मीटर उडतात आणि कुठे जाऊन बसल्या ते दिसत नाही.

चौथा, थंड पद्धत. स्प्रे, वेळ, छकोनी सॉकेट, लांब दांडा, आणि नाहीच जमलं तर हॅक्सॉ ब्लेड आणि ड्रिल. वेळखाऊ, पण पेट घेणारं काही नाही. हेच ठरलं.

इथेच एक प्रश्न मी सगळ्यात आधी विचारला आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गोम तिथेच आहे. आपल्याला यातलं काय वाचवायचंय? मागचा डबा भंगारात जाणार, त्याचा फ्लँज भंगारात जाणार, बोल्ट जाणार, रबरंही नवीन आणलेली. वाचवायचा फक्त मधला पाइप आणि त्याचा फ्लँज, आणि त्याच्या पुढे काही हलता कामा नये. एकदा हे ठरलं की सगळा जोर, सगळा हातोडा, सगळी कापाकापी फ्लँजच्या मागच्या बाजूला करायची. लोक जाम झालेल्या जोडाशी असे झटतात की जणू दोन्ही बाजू जपायच्या आहेत, आणि मग हिसके बसून पुढचा पाइप वाकतो नाहीतर कन्व्हर्टरच्या आतली सिरॅमिकची जाळी तडकते. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो, नवीन घ्यायला गेलं तर या गाडीच्या आजच्या किमतीचा मोठा लचका निघेल.

प्रत्यक्ष काय केलं

स्प्रे मारणं आठवड्याच्या मधूनच सुरू केलं. आधी वायर ब्रशने बोल्टच्या मागे-पुढे जेवढे आटे दिसतात ते घासले, कारण गंजाच्या पापुद्र्यावर मारलेला स्प्रे पापुद्राच पितो. मग गंज सोडवणारा स्प्रे, थोडं ठोकणं, परत स्प्रे, रात्रभर ठेवायचं. काकांनी डिझेल सुचवलं, पूर्वी सगळे तेच वापरायचे आणि त्याने काही प्रमाणात काम होतंही, पण वास आठवडाभर जात नाही आणि काकूंना आधीच वासाचा त्रास. रबरांवर तेल उडू दिलं नाही असं काही नाही, ती तशीही कापायची होती, पण जी मधली रबरं ठेवायची होती त्यांना फक्त साबणाचं पाणी. तेलाने रबर फुगतं आणि सैल पडतं.

कामाला शनिवार धरला. भाच्याच्या कंपनीला शनिवारी सुट्टी असते, आणि दुसरं म्हणजे शनिवारी हार्डवेअरची दुकानं पूर्ण दिवस उघडी. रविवारी दुपारी बोल्ट तुटला आणि दुकान बंद, गाडी घोड्यांवर (तळाला टेकू द्यायच्या स्टँडवर), असं नको होतं.

गाडी वर घेण्यावरून पहिला वाद झाला. काकांनी अंगणातल्या सिमेंटच्या विटा रचून ठेवल्या होत्या, व्यवस्थित, कडेला कड लावून. विटा नको म्हटल्यावर त्यांना वाईट वाटलं, पण सिमेंटची वीट किंवा ब्लॉक भार घेतो घेतो आणि काही न सांगता एकदम फुटतो, वाकत नाही, करकरत नाही. भाच्याने ओळखीच्या वर्कशॉपमधून दोन लोखंडी घोड्या आणल्या होत्या. दुसरी गोष्ट, मागची बाजू उचलायची म्हणजे हँडब्रेक बिनकामाचा, तो मागच्याच चाकांना असतो आणि ती चाकं हवेत. म्हणून गाडी पहिल्या गियरमध्ये टाकली, ही पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आहे, आणि पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके. पोर्चच्या टाइल्स गुळगुळीत असल्यामुळे घोड्यांखाली जाड प्लाय. स्टेपनी काढून सिलच्या (दरवाजाखालच्या कडेच्या) खाली आडवी ठेवली, घोडी गेलीच तर गाडी माणसावर न येता स्टेपनीवर यावी म्हणून. मग गाडीला बाजूने जोरात ढकलून बघितलं आणि मगच भाचा खाली शिरला.

त्याच्याही आधी सीएनजीचं. डिकीतला सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गाडी चालू ठेवली, नळीत उरलेला गॅस जळून संपला आणि गाडी आपोआप पेट्रोलवर आली. मग बंद केली, पूर्ण थंड होऊ दिली, बॅटरीची निगेटिव्ह काढली. डोळ्यांना गॉगल, कारण खाली झोपून गंज ठोकायचा म्हणजे सगळी माती थेट डोळ्यात.

नवीन डबा जुन्याच्या शेजारी धरून आधी मापं घेतली. फ्लँजच्या भोकांतलं अंतर बरोबर, पाइपाचा बाक बरोबर, रबर अडकवायची एक काडी मात्र थोडी तिरकी. तेवढं चालणार होतं. हे कापायच्या आधी बघणं फार गरजेचं, एकदा जुना कापला की मागे फिरायला जागा नाही.

आता बोल्ट. चांगल्या डोक्याचा आधी घेतला. भाच्याने छकोनी सॉकेट लावला, दांड्याला पाइप चढवला आणि आधी घट्ट करायच्या दिशेने हलकासा दाब दिला. काका ओरडले, "अरे उलटा फिरवतोयस!" पण तेच करायचं असतं, आधी केसभर घट्ट दिशेला हलला की आट्यांतला गंज तुटतो, मग सोडायचा. करकरत हलला. मग थोडा सोडायचा, थोडा परत आत, स्प्रे, परत थोडा. सलग ओढत नेला असता तर गंजाचा चुरा आट्यात पुढे साचून परत जाम झाला असता. बऱ्याच वेळाने तो निघाला, आटे अर्धे खाल्लेले.

दुसरा, गोल डोक्याचा. त्यावर १३ चा छकोनी सॉकेट हातोडीने ठोकून बसवला. बसला घट्ट, पण फ्लँज आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये दांडा फिरवायला जागाच नव्हती, डबा आडवा येत होता. इथे दुसरा निर्णयाचा क्षण. भाचा म्हणाला छोट्या दांड्याने प्रयत्न करतो. मी म्हटलं डबा जाणारच आहे ना, मग तो आत्ताच कापू, जागा मोकळी होईल. काकांचा जीव होईना, त्यांना अजून वाटत होतं की जुना डबा शाबूत निघाला तर कुणाला तरी देता येईल. कुणाला, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी कापलं. फ्लँजच्या मागे चार बोटं सोडून, हॅक्सॉ ब्लेडने. फ्रेम बसत नव्हती, वर तळाचा पत्रा, म्हणून ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून नुसतं ब्लेड हातात धरून कापायचं. ब्लेड इंचाला २४ दातांचं घेतलं, जाड दाताचं पातळ पाइपात अडकतं आणि दात तुटतात. डब्याखाली जॅकवर लाकूड ठेवून आधार दिला होता. अर्धं कापून झाल्यावर ब्लेड चिमटायला लागलं, डब्याचं वजन कापलेली फट मिटवत होतं. जॅक दोन आटे वर-खाली करून बघितला, एका जागी फट उघडली, मग ब्लेड मोकळं चाललं. घाम निघाला पोराचा, पण एकही ठिणगी नाही. मग रबरं सुरीने कापली आणि डबा जॅकसकट खाली घेतला. डब्यातून कपभर तरी लालसर पाणी आणि गंजाची माती टाइल्सवर सांडली, काकूंनी वरून बघितलं आणि काही न बोलता आत गेल्या.

आता जागा भरपूर. लांब दांडा लावला, बोल्ट थोडा फिरला, आशा वाटली, आणि मग "टक्". डोकं तुटून सॉकेटमध्येच. फ्लँजचा मागचा तुकडा हातोडीने हलवून काढता आला, पण मधल्या पाइपाच्या नटात बोल्टचा दांडा तसाच, बोटाच्या पेराएवढा बाहेर. व्हाइस ग्रिपने, म्हणजे लॉक होणाऱ्या पकडीने, धरून पिळला तर तोही नटाच्या तोंडाशी तुटला. भाच्याला दोष देत नाही, बोल्ट आतून एवढा खाल्लेला होता की मध्ये पेन्सिलच्या शिशाएवढंच लोखंड राहिलेलं.

तिसरा निर्णय इथे. भाच्याला तुटलेला बोल्ट बरोबर मध्यावर ड्रिल मारून, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून मूळ आटे परत मिळवायचे होते. कारागिराची हौस. बोल्ट १० मिमीचा, आटे १.२५ मिमी अंतराचे बारीक, म्हणजे ड्रिल ८.८ चं आणि तेही अगदी मध्यावर जायला पाहिजे, गाडीखाली उताणं झोपून, हातातल्या ड्रिलने, आणि तुटलेला बोल्ट एका बाजूने तिरका. ड्रिल जरा सरकलं की नटाचे आटे गेले, आणि टॅप आत तुटला तर टॅपचं पोलाद आपल्या ड्रिलला जुमानत नाही, मग सगळा मधला पाइपच काढावा लागेल. मी म्हटलं आट्यांचा मोह सोड. आधी पंच, मग ३ चं, मग ६ चं, मग सरळ १०.५ चं ड्रिल आरपार, वेल्ड केलेल्या नटाला नुसतं भोक समजायचं आणि लांब बोल्ट आरपार घालून पलीकडे स्वतंत्र नट. दिसायला कमी, पण पुढच्या वेळी कुणीही दोन पाने लावून काढेल. त्याने मान डोलावली पण खूश नव्हता, अजूनही विषय निघाला की टॅपच मारायला हवा होता म्हणतो.

ड्रिल हळू स्पीडला, थेंब थेंब तेल टाकत. १०.५ च्या वेळी ड्रिल एकदा अडकून हाताला झटका बसला, त्याच्यासाठी बाजूचा हँडल लावलेला होता म्हणून मनगट वाचलं. भोक थोडं तिरकं झालं, चालण्यासारखं. जुना बोल्ट ३५ मिमीचा होता, आता नटाच्या पलीकडे जायचं म्हणजे ५० मिमी लागणार, ते मी जाऊन आणले, ८.८ ग्रेडचे (ही बोल्टच्या मजबुतीची खूण), आणि नट पितळी. पितळी नट गंजत नाही आणि बोल्टपेक्षा मऊ असतो, म्हणून सोडताना झिजला तर तो झिजतो. स्टेनलेस बोल्टही होते दुकानात, चकचकीत, पण स्टेनलेसवर स्टेनलेस गरमीत एकमेकांना चिकटतात, सायलेन्सरला ते नको.

फ्लँजवरचं जुनं पॅकिंग छन्नीने खरवडलं, नवीन लावलं, आट्यांना कॉपर ग्रीस. बसवताना डबा आधी नव्या रबरांवर लटकवला, बोल्ट नुसते हाताने, मग हलवून-डुलवून टाकीपासून, अ‍ॅक्सलपासून, बंपरपासून सगळीकडे बोटभर अंतर आलं की मग घट्ट केलं, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे, एकच आधी कसला तर पॅकिंग तिरकं बसतं. तिरक्या काडीला पाइपाने थोडा बाक दिला.

निकाल

बॅटरी जोडली, पेट्रोलवरच चालू केली. पहिली दहा मिनिटं धूर आणि वास भरपूर, तो सगळा स्प्रे आणि ग्रीसचा जळका, पोर्च उघडा होता तरी काकूंना आत थांबायला सांगितलं. ओलं फडकं पाइपाच्या तोंडावर क्षणभर दाबून बघितलं, जोडातून फुसफुस नाही. सीएनजीचा व्हॉल्व्ह उघडल्यावर सिलिंडरच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, तिथे काही हात लावला नव्हता तरी. चार दिवस गाडी तापली-निवली, मग बोल्ट परत तपासले, नव्या पॅकिंगमुळे ते थोडे ढिले झालेच होते.

आवाज गेला, मागच्या सीटवरचा वास गेला, पीयूसी निघाली. पैशाचं बघायचं तर सिलिंडर उतरवून गॅरेजमध्ये जेवढे गेले असते त्याच्या निम्म्यात झालं, पण त्यात भाच्याची अख्खी सुट्टी धरलेली नाही, आणि घोड्या, व्हाइस ग्रिप, ड्रिल आधीपासून हाताशी होते. हे सगळं विकत घेऊन एक सायलेन्सर बदलायचा तर गॅरेजच स्वस्त. भंगारवाल्याने जुन्या डब्याचे जे दिले त्यात आम्हा तिघांचा चहा झाला, मिसळ नाही.

वेगळं काय करता आलं असतं

डबा आधीच कापून मग बोल्टला हात लावला असता तर सकाळचा बराच वेळ वाचला असता, आणि पहिल्या बोल्टलाही लांब दांडा नीट लागला असता. जो भाग फेकायचाच आहे तो आडवा येत असेल तर त्याचा मान ठेवायचं कारण नाही, हे काकांना पटवण्यात अर्धा तास गेला.

लांब बोल्ट, पितळी नट आणि पुरती ड्रिलं आधीच आणून ठेवायची. दोन्ही बोल्ट तुटणार असं धरूनच चालायचं, एक निघाला तर तो बोनस.

भाच्याच्या कंपनीत इंडक्शनवर बोल्ट गरम करायचं छोटं यंत्र आहे, नटाभोवती तारेचं वेटोळं धरलं की ज्योतीशिवाय नट काही सेकंदांत लाल होतो. ते मागून आणता आलं असतं का यावर नंतर चर्चा झाली. ज्योत नाही हे खरं, पण लाल झालेला नट स्प्रेला पेटवू शकतोच आणि शेजारी टाकी तीच, त्यामुळे माझं मत अजूनही थंड पद्धतीकडेच. ज्यांच्या गाडीत सीएनजी नाही आणि जोड टाकीपासून लांब आहे त्यांनी स्प्रे पूर्ण पुसून, सुकवून त्याचा विचार जरूर करावा.

आणि एक गोष्ट मुद्दाम केली नाही. पुढचा स्प्रिंगचा जोडही थंड इंजिनवर थोडा टिकटिक करतो, त्यातलं गोल पॅकिंग झिजलंय. भाचा खालीच होता, सॉकेट हातात होता, "मामा, हेपण उरकून टाकू का?" म्हणाला. नको म्हटलं. तो जोड इंजिनच्या खोलीजवळ आहे म्हणून तिथला धूर डिकीकडून आत यायची भीती कमी, पण त्याचे बोल्ट मागच्यांपेक्षा वाईट दिसत होते, आणि तिथे बोल्ट तुटला तर वाचवायच्या बाजूला कन्व्हर्टर आहे, ऑक्सिजन सेन्सर आहे, पुढे मॅनिफोल्डचे (इंजिनचा धूर गोळा करणाऱ्या भागाचे) स्टड आहेत. मागच्या जोडाला जे स्वातंत्र्य होतं, कापा आणि फेका, ते तिथे नाही.

सीएनजी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाणी भरून दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी करावी लागते, काकांची पुढच्या पावसाळ्याआधी येतेय. तेव्हा सिलिंडर तसाही उतरवावाच लागणार, म्हणून त्याच दिवशी गाडी पाथर्डी फाट्याच्या त्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवायची आणि पुढचा जोड त्याच्या गॅसने काढायचा असं ठरलंय. त्याच्याशी बोलून झालंय. तोपर्यंत भाचा आला की त्या दोन बोल्टवर स्प्रे मारून जातो, आणि काकांना सांगितलंय की आठवड्यातून एकदा तरी गाडी सिन्नरपर्यंत नेऊन आणा, डबा आतून कोरडा राहील.